‘दोन टक्के कापतात’ एवढं पुरत नाही, काका

काका, नमस्कार.

आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आणि आज सकाळी दुकानांच्या वह्या उघडण्याआधी पुन्हा एकदा वाचली. कार्ड मशीन आणि क्यूआर वापरणाऱ्या दुकानदारांसाठी मी शब्दांची ओळख करून देणारा लेख लिहिला होता, त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. एक, मराठी लेख म्हणवून घ्यायचा आणि ओळीओळीत एमडीआर, सेटलमेंट, चार्जबॅक लिहायचं, हे बरोबर नाही. दोन, दुकानदाराला ‘मशीनवर दोन टक्के कापतात’ एवढं कळलं तरी पुष्कळ, बाकी शब्दांचं ओझं कशाला? आणि तीन, ‘यूपीआय दुकानदाराला पूर्ण फुकट आहे’ हे माझं वाक्य चुकीचं आहे, कारण आपल्या पुतण्याच्या दुकानात यूपीआयवर पैसे कापले गेले.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे आपलं बरोबर आहे आणि माझं चुकलं आहे.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे प्रत्येक विक्रीतून टक्केवारीने कापलं जाणारं शुल्क, घेता येत नाही, हे खरं. पण ग्राहकाने क्यूआर स्कॅन केला म्हणजे पैसे त्याच्या बचत खात्यातूनच आले, असं आता राहिलेलं नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तसं पेमेंट आलं की तो व्यवहार दिसायला यूपीआयचा, पण जातीने क्रेडिट कार्डाचा. त्यावर शुल्क लागू शकतं. लहान दुकानदारांना २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ते माफ आहे, त्यापुढे नाही. वॉलेटमधून यूपीआयवर आलेल्या २,००० रुपयांवरच्या रकमेलाही १ एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज (शुल्कातला वॉलेट किंवा कार्ड देणाऱ्याचा वाटा) लागू झालं. तेव्हा ‘यूपीआय फुकट’ हे वाक्य ‘बँक खात्यातून आलेलं यूपीआय फुकट’ असं हवं होतं. घाईत लिहिलं गेलं, आणि नेमक्या त्या घाईची किंमत कुणी दुकानदार मोजू शकतो. मला त्याचं वाईट वाटतं.

तरी पुतण्याला एकदा स्टेटमेंट नीट बघायला सांगा. पैसे नेमके कशाचे कापलेत? क्रेडिट कार्ड जोडलेल्या यूपीआयचं शुल्क असेल तर ते त्या त्या व्यवहारासमोर दिसेल. दर महिन्याला एकच ठरावीक रक्कम जात असेल तर ते बहुधा साउंडबॉक्सचं, म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं, भाडं आहे. त्याचा एमडीआरशी काही संबंध नाही, आणि डबा नको असेल तर परत करून ते थांबवता येतं. आता बघा, या दोन गोष्टींना ‘कापले’ असा एकच शब्द वापरला तर पुतण्या काय थांबवायला सांगणार आणि कुणाला?

इथूनच मी दुसऱ्या आक्षेपावर येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

‘दोन टक्के कापतात’ हे आमच्या सांगलीच्या पेठेतही सगळे म्हणतात. मी गेली बावीस वर्षं दुकानांचे हिशेब लिहिते, मलाही सुरुवातीला असंच सांगितलं गेलं. पण तो एक दर नाही. रुपे सोडून इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. आदल्या वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला मशीनवर ०.४० टक्का, आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. त्यावरच्या दुकानाला ०.९० टक्का, आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. क्यूआरवर घेतलं तर दोन्हीकडे ०.१० टक्का कमी. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे दर करारावर ठरतो.

आता सराफाच्या दुकानात कुणी ३ लाखांचा दागिना डेबिट कार्डावर घेतो. काउंटरवर सांगतात, कार्ड असेल तर दोन टक्के जास्त लागतील. म्हणजे ६,००० रुपये. बँक त्या व्यवहारावर सराफाकडून कापू शकते जास्तीत जास्त १,०००. शिवाय डेबिट कार्डाचं हे शुल्क ग्राहकावर टाकू नये, याची खबरदारी बँकांनी घ्यावी असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं आहे. त्या दुकानदाराला लबाडी करायची नसेलही. त्याला ‘दोन टक्के’ एवढंच ठाऊक आहे.

उलट बाजूनेही तेच. १०,००० रुपयांचं बिल क्रेडिट कार्डावर झालं, करारातला दर १.८ टक्के आहे असं धरू. १८० रुपये एमडीआर, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२.४० रुपये. खात्यात येतात ९,७८७.६०. किती दुकानदार विक्री म्हणून ९,७८७.६० लिहितात, हे मी रोज बघते. विक्री १०,००० चीच आहे, काका. १८० हा खर्च, आणि ३२.४० हा कर आहे. दुकान नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून वजावट, मिळतं; कंपोझिशनमध्ये (लहान दुकानांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असेल तर मिळत नाही. नक्त रकमेलाच विक्री धरलं तर उलाढाल कमी दिसते, खर्च दिसतच नाही, आणि हक्काचं क्रेडिट वाऱ्यावर जातं. या १८० रुपयांतला सर्वांत मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्यालाच इंटरचेंज म्हणतात. थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या जाळ्याला आणि उरलेला मशीन देणाऱ्या बँकेला. दर कमी करून घ्यायचा तर बोलणी शेवटच्या वाट्यावरच होऊ शकतात. हे माहीत असलेला दुकानदार मशीनवाल्या बँकेशी वेगळ्या सुरात बोलतो.

शब्द केवळ हिशेबापुरते नाहीत, कायद्यातही त्यांच्यावर पैसे ठरतात. कार्डाच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर, पैसे पोचते करण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे. ही माफी कुणाला, यावर बरेच दिवस वाद होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत खुलासा झाला की रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या पेमेंट ॲग्रीगेटरला ती लागू आहे, पेमेंट गेटवेला नाही. फरक काय? ॲग्रीगेटर पैसे स्वतःकडे घेऊन दुकानदाराला पोचवतो, गेटवे फक्त तांत्रिक वाट करून देतो. बाजारात दोघांनाही सर्रास ‘गेटवे’च म्हणतात. ऑनलाइन लोणची-मसाले विकणाऱ्या एखाद्या ताईंना या दोन शब्दांतला फरक म्हणजे बिलावरच्या कराचा फरक आहे.

आता ज्या प्रसंगामुळे मी तो लेख लिहायला घेतला, तो सांगते. लेखात लिहिला नव्हता, दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून. आता त्यांची परवानगी घेतली आहे.

मी ज्यांचे हिशेब लिहिते त्यांच्यापैकी एक साड्यांचं दुकान. एका बाईंनी ८,४०० रुपयांची साडी क्रेडिट कार्डावर नेली, दुसऱ्या दिवशी परत आणली. मालक भला माणूस. साडी ठेवून घेतली आणि गल्ल्यातून ८,४०० रोख काढून हातात दिले. कागद काही केला नाही. काही आठवड्यांनी मशीन देणाऱ्या बँकेचा ईमेल आला, विषयात ‘चार्जबॅक’, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून विक्रीचे पैसे दुकानाकडून परत घेणं. त्यांना वाटलं कॅशबॅकसारखी काहीतरी जाहिरात आहे. उघडलाच नाही. त्या मेलमध्ये लिहिलं होतं की कार्डधारकाने माल परत केला पण कार्डावर पैसे आले नाहीत अशी तक्रार केली आहे, अमुक तारखेपर्यंत पुरावे द्या. तारीख उलटली. खात्यातून ८,४०० वळते झाले. एकदा गल्ल्यातून गेले, एकदा खात्यातून.

त्या बाईंनी मुद्दाम केलं की घरात दुसऱ्या कुणी स्टेटमेंट बघून तक्रार केली, देव जाणे. पण मला झोप लागली नाही, कारण महिन्याच्या वह्या मीच बघत होते आणि ‘कार्डावर घेतलेले पैसे कार्डावरच परत करायचे, रोख कधीच नाही’ हे एक वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. हा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे.

आणि मशीनवर त्यासाठी दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. त्याच दिवशी, दिवसाची बॅच (मशीनवरच्या त्या दिवसाच्या व्यवहारांचा गठ्ठा) बंद व्हायच्या आत, ‘व्हॉइड’. व्यवहार तिथल्या तिथे रद्द होतो, पैसे दुकानाकडे यायला निघतच नाहीत. बॅच बंद झाली की ‘रिफंड’. हा नवा, उलट्या दिशेचा व्यवहार असतो, ग्राहकाच्या कार्डावर दिसायला काही दिवस लागतात आणि मूळ विक्रीवर कापलेलं शुल्क परत मिळेल की नाही हे करारात बघावं लागतं. ग्राहक दारात उभा असताना दुकानदाराला हा फरक माहीत असेल तर रोखीचा मोह होत नाही.

आता मराठीबद्दल. हा आक्षेप मला मनापासून आवडला, कारण या बाबतीत आपली भाषा गरीब नाही.

एमडीआरमधला डी म्हणजे डिस्काउंट. सरकारी भाषांतरासारखं ‘व्यापारी सवलत दर’ म्हटलं तर दुकानदाराला वाटेल की त्याला कसलीतरी सवलत मिळते आहे! हा डिस्काउंट हुंडीच्या जगातला आहे. हुंडी वटवताना सावकार जी रक्कम कापून घ्यायचा तो वटाव. एमडीआर म्हणजे वटावच, दुसरं काही नाही. दर्शनी हुंडी दाखवताच चुकवायची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी; हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसा कागदावरून फिरवायला लागणारे इतके नेमके शब्द आपल्या पेढ्यांनी घडवले होते, ते ओझं म्हणून नव्हे. शब्द नेमका नसता तर पेढी बुडाली असती.

सेटलमेंटसाठीही मी दुकानात असाच शब्द वापरते. मशीनमधून ‘अप्रूव्ह्ड’ची चिठ्ठी आली म्हणजे काय झालं? कार्ड मशीनवाल्या बँकेकडून, व्हिसा किंवा रुपेसारख्या जाळ्यातून, कार्डवाल्या बँकेपर्यंत विचारणा गेली आणि होकार परत आला. एवढंच. पैसे अजून यायचे आहेत. ते सेटलमेंटनंतर, साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात. मी म्हणते, चिठ्ठी म्हणजे चेक हातात आला, सेटलमेंट म्हणजे चेक वटला. एवढं सांगितलं की साठीच्या मालकांचा चेहरा उजळतो. बॅच बंद न करता मशीन तशीच ठेवली तर पैसे का अडकतात, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

मग लेखात मी ‘वटाव’ का लिहिलं नाही? कारण स्टेटमेंटवर एमडीआर छापलेलं असतं, मशीनच्या बटणावर व्हॉइड असतं, आणि तक्रार करायला फोन लावला की पलीकडची मुलगी टीआयडी (मशीनचा नंबर) आणि आरआरएन विचारते. मी कितीदा शेजारी बसून ऐकलं आहे. दुकानदार तीन-तीनदा सांगतो, “अहो, पैसे आले नाहीत, सकाळपासून वाट बघतोय.” पलीकडून तोच प्रश्न, “सर, आरआरएन?” शेवटी तो वैतागून फोन ठेवतो. आरआरएन म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर, चिठ्ठीवर छापलेला असतो, यूपीआयच्या मेसेजमध्येही असतो. तो एक नंबर सांगता आला की काम पुढे सरकतं. ग्राहकाचे पैसे गेले पण दुकानाला मेसेज नाही, अशा अडकलेल्या यूपीआयसाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे ग्राहकाला आपोआप परत जायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गर्दी असताना ग्राहकाशी हुज्जत घालण्यापेक्षा हे वाक्य शांतपणे सांगता आलं तर दोघांचीही लाज राखली जाते.

म्हणून इंग्रजी शब्द सोडणार नाही. पण आपल्यामुळे एक ठरवलं आहे. इथून पुढे प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तिथे त्याच्या शेजारी आपला जुना शब्द देईन, जिथे खरोखर जुळतो तिथे. वटाव, वटणे, वळते करणे. चार्जबॅकला मात्र मला अजून चांगला शब्द सापडलेला नाही. ‘उलटवसुली’ सुचतो, पण कानाला खटकतो. आपण बँकेत आयुष्य काढलं असं लिहिलंत, त्या काळी परत आलेल्या रकमेला टेबलावर काय म्हणत होतात ते जरूर कळवा.

मूळ लेखातलं यूपीआयचं वाक्य आज दुपारी बदललं आणि दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे झाली हेही तिथे लिहिलं. पुतण्याच्या स्टेटमेंटवर कापलेल्या रकमेसमोर जे अक्षरशः छापलं आहे, तेवढी ओळ इथे टाका. खातं नंबर मात्र टाकू नका. रक्कम आणि तो शब्द दिसला की भाडं आहे की वटाव, ते मी लगेच सांगते.