गॅलापागोसच्या प्राण्यांना हात लावता येत नाही

‘गॅलापागोस बेटांवर छोट्या जहाजावरून फिरताना सी-लायनला (सीलसारखा समुद्री प्राणी) कुरवाळता येतं, कासवावर बसून फोटो काढता येतो,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. प्राणी माणसाला बुजत नाहीत, एवढंच त्यात खरं. मोठे शिकारी प्राणी नसलेल्या या ज्वालामुखी बेटांवर ती भीती रुजलीच नाही. १८३५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ डार्विन इथल्या कासवांच्या पाठीवर बसला होता, हेही खरं. पण १९५९ पासून हे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाचं राष्ट्रीय उद्यान आहे. आता प्राण्यांपासून किमान २ मीटर लांब राहावं लागतं, फ्लॅश आणि खाऊ घालणं बंद, सोबत अधिकृत गाईड हवाच. सी-लायनचं पिल्लू स्वतःहून जवळ आलं, तर आपणच मागे सरायचं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.