इंजिनालाही टॉनिक पाजा

दिवाळीच्या आसपास कापसावरची शेवटची फवारणी उरकली की पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आहे तसा उचलावा आणि शेतातल्या आखाड्यावरच्या कोठ्यात ढकलून द्यावा. टाकीत उरलेलं पेट्रोल चुकूनही काढू नये. आपल्या परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग म्हणून पेपरात यायचं. ते काय ओतून द्यायला पाणी आहे? आणि पाणी तरी मराठवाड्यात कोण ओतून देतं? वर एक पोतं टाकावं आणि आठ महिने तिकडं फिरकू नये.

जुलैत सोयाबीनवर अळी दिसली की पोतं झटकून दोरी ओढायला घ्यावी. पंधरा-वीस हिसके दिल्यावर पंप एकदा फुर्र करील आणि गप्प बसेल. घाबरू नका, एवढ्याचसाठी मोंढा आहे.

मोंढ्यातल्या दुकानात ज्या फळीवर पिकाचं टॉनिक असतं, तिच्या खालच्याच फळीवर इंजिनाचं टॉनिक असतं. दोन्हींना आपण औषधच म्हणतो, त्यामुळं विश्वास आपोआप बसतो. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली की आपण लिंकिंग म्हणून बोंबलतो. ही मात्र आपण होऊन मागून घेतो. झाकण उघडून वास घ्यावा. रॉकेलसारखा आला तर शंका काढू नये. पुष्कळ बाटल्यांत खरं औषध चमचाभर आणि बाकी त्याला वाहून न्यायला रॉकेलच्या जातीचंच तेल असतं. लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की हे ताज्या पेट्रोलमध्ये, मशीन ठेवून देण्याआधी घालावं आणि इंजिन थोडा वेळ चालवावं. म्हणजे दिवाळीत. तुम्ही वाचताय जुलैत. काही बिघडत नाही, दुप्पट घाला.

मीही घातलं होतं. पंप काही बोलला नाही. शेवटी गावातल्या मेस्त्रीकडं नेला. त्यानं कार्बोरेटरची वाटी खोलून माझ्यासमोर धरली. तळाला काकवीसारखा तांबूस, चिकट थर. पेट्रोलचा हलका भाग आठ महिन्यांत उडून गेला होता आणि उरलेल्याचा डिंक झाला होता. इंजिनाला पेट्रोल ज्यातून जातं त्या जेटचं भोक मुळात सुईच्या टोकाएवढं, तेही बुजलेलं. मेस्त्रीनं वायरमधली तांब्याची एक तार सोलून काढली आणि भोकातून फिरवली. मग माझ्या हातातली बाटली घेतली, वास घेतला, आणि उरलंसुरलं औषध ओतून त्यातच जेट धुतलं. लख्ख निघालं! म्हणजे औषध गुणकारी होतं, फक्त टाकीतून जेटपर्यंत जायला त्याला वाट नव्हती.

आता पेट्रोलमध्ये शेकडा 20 इथेनॉल असतं. 2030 सालचं उद्दिष्ट सरकारनं 2025 मध्येच गाठलं. याचा अभिमान आपल्याला नाही तर कुणाला असणार? 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरकरांनी तहान भागवली, पण ऊस काही सोडला नाही. तोच ऊस आता इथेनॉल होऊन टाकीत उतरलाय, आणि खोड तीच: वाफ्यात होता तेव्हा पाणी ओढायचा, टाकीतही हवेतला ओलावा ओढतो. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाचा घोट तळातूनच जातो. यावर ‘पाणी काढणारी’ बाटली मिळते. तिच्यात बऱ्याचदा अल्कोहोलच असतं. उसावर उतारा उसाच्याच भावकीतला!

गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं तरी बाटलीच घ्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी असते. ती चमचाभर औषधानं कशी भरून निघणार, असला हिशेब करत बसू नये. एअर फिल्टर उघडू नये, आत शिवारातली अर्धी काळी माती निघेल. चाकात हवा बघू नये. आधीची पिढी अ‍ॅव्हरेजसाठी टाकीत डांबरगोळ्या टाकायची. गाडीला संदुकीतल्या शालूचा वास यायचा, प्लगवर काजळी धरायची, पण मनाला केवढं समाधान!

राहिलं टूटी ऑइल. फवारणीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये खरोखर घालावंच लागतं असं हे एकच औषध, कारण पिस्टनला तेल मिळायला दुसरी वाटच नाही. कंपनी पुस्तकात माप देते, लिटरला 25 मिली, 40 मिली, जसं मशीन असेल तसं. पुस्तक खोक्याबरोबर चुलीत गेलेलं असतं, तेव्हा अंदाजानं एक झाकण ओतावं. टॉनिकला तीनशे रुपये गेलेले असतात, कुठंतरी काटकसर करायलाच पाहिजे. रोजगारी आलेला असताना, भर दुपारी, शेताच्या मध्यावर पंप कर्रकन जाम होईल. मेस्त्रीच्या भिंतीला खिळ्यांवर चरे पडलेले पिस्टन ओळीनं टांगलेत. माझ्या पिस्टनशेजारचा खिळा अजून रिकामा आहे.