सर्व्हर बंद होता म्हणून मेल हरवत नाही

"मेल सर्व्हर दोन तास बंद पडला की त्या वेळेतले मेल कायमचे गेले. मेल उशिरा आला तर मध्ये कोणीतरी वाचला. आणि 'सेंट'मध्ये दिसला म्हणजे पोहोचलाच." व्हॉट्सअॅपवर हे तिन्ही समज एकत्रच फिरतात. मेल सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला समज साफ चूक. घेणारा सर्व्हर बंद असला की मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर रांगेत थांबतो. पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) असेल तर 'डिफर्ड', म्हणजे लांबणीवर टाकलेल्यांच्या रांगेत. तिथून काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, मग अंतर वाढत तासाभरापर्यंत, आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर हे पाच दिवस चालतं. दोन तास म्हणजे किरकोळ.

घेणाऱ्याकडेही तेवढीच काळजी असते. मेल पूर्ण आला की सर्व्हर '250' म्हणतो; ही त्याची पोच. पोस्टफिक्स मेलची फाइल डिस्कवर उतरवल्याशिवाय पोच देत नाही. फाइल अर्धवट आहे की पूर्ण, याची खूण फाइलवरच असते, आणि अर्धवट फाइल पुढे जातच नाही. पोच द्यायच्या आत वीज गेली? पाठवणारा पुन्हा पाठवतो. फार तर मेल दोनदा येईल. पोच दिल्यावर मात्र मशीन बंद पडल्याची सबब चालत नाही, हे 2008 च्या आरएफसी 5321 मध्ये, म्हणजे मेल देवाणघेवाणीच्या नियमांच्या दस्तऐवजात, लिहिलेलंच आहे.

उशिराचं म्हणाल तर, चोरून वाचणाऱ्याला मेल अडवून ठेवायची गरजच नसते. बरेच सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम '450' देतात, म्हणजे 'थोड्या वेळाने या'. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅम पाठवणारे बरेचसे येत नाहीत. मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वरच्या नोंदींमध्ये, वाटेतला प्रत्येक सर्व्हर वेळेसकट एक 'रिसीव्ड' ओळ घालतो; त्या ओळी खालून वर वाचा. एकीवर 10:02 आणि तिच्या वरचीवर 10:17 असेल, तर ती पंधरा मिनिटं कुठे गेली ते तिथेच कळतं (घड्याळं बरोबर असतील तर).

तिसरा समज सगळ्यात घातक. 'सेंट' म्हणजे तुमच्या बाजूच्या सर्व्हरने मेल घेतला, एवढंच. पुढे तो रांगेत अडकला तर परत आल्याची सूचना पाच दिवसांनी येऊ शकते, आणि पोस्टफिक्स मुळात मधल्या काळात काहीच कळवत नाही. शेवटच्या रात्री नोकरीचा अर्ज मेल करणाऱ्याने काय करायचं? उशिराची सूचना पाठवायची सोय पोस्टफिक्समध्ये आहे, फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्याने ती चालू करावी लागते. आमच्याकडे ती मी चार तासांवर लावली आहे.