‘कर नाही त्याला डर कशाला?’ आणि ड्रग्जचे छापे

ड्रग्जच्या छाप्याची बातमी आली की हा मेसेज ग्रुपवर फिरतोच: “कर नाही त्याला डर कशाला? झडतीच्या नियमांमुळेच ड्रग्जवाले सुटतात. पोलिसांना मोकळा हात द्या, आठवड्यात शहर साफ होईल.” तीन वाक्यं, तिन्ही कच्ची.

आधी म्हणीकडे. 2 ऑक्टोबर 2021 ला मुंबईत कॉर्डेलिया क्रूझवर एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, छापा टाकला. शाहरुख खानच्या मुलाकडे काहीच सापडलं नव्हतं, तरी तो तुरुंगाबाहेर आला 30 ऑक्टोबरला. मे 2022 च्या आरोपपत्रात खुद्द एनसीबीनेच पुराव्याअभावी त्याच्यासह सहा जणांना वगळलं. त्याच्यासाठी हायकोर्टात मुकुल रोहतगींसारखे नामांकित वकील उभे राहिले. आपल्या पोरासाठी कोण उभं राहणार?

नियमांमुळे गुन्हेगार सुटतात, हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातले खटले त्रुटींवर पडतात. पण हा कायदा आरोपीवर किती कडक आहे, ते मेसेजवाले सांगत नाहीत. एमडी (मेफेड्रोन) हे ड्रग 50 ग्रॅमच्या वर सापडलं की ते ‘व्यावसायिक प्रमाण’. म्हणजे मुठीत मावेल एवढी पुडी, आणि शिक्षा किमान दहा वर्षं. कलम 37 मुळे जामीन जवळजवळ अशक्य. शिवाय माल ताब्यात होता एवढं सिद्ध झालं, की तो आपल्याला ठाऊक नव्हता हे आरोपीनेच सिद्ध करायचं.

म्हणजे सगळा खटला त्या एका पुडीवर उभा. ती खरंच याच्याच खिशातून निघाली का? पंच जागेवर होते, की पोलिसांचे नेहमीचेच, नंतर येऊन पंचनाम्यावर सह्या करणारे? लाखेचं सील लॅबमध्ये पोचेपर्यंत शाबूत होतं का? पंचनाम्यातलं वजन आणि लॅबमधलं वजन जुळतं का? कोर्ट हे विचारतं, त्याला लोक ‘टेक्निकल मुद्दा’ म्हणतात. पुडीखेरीज पुरावाच नसेल तर दुसरं विचारायचं काय?

आणि नियम तरी केवढे? अंगझडतीआधी सांगायचं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुम्हाला हक्क आहे. ते न सांगता अंगावरून काढलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 1999 मध्येच बलदेव सिंग खटल्यात सांगितलं. बॅगेला तर हा नियम लागूही नाही. रात्री वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर कारण लिहायचं आणि 72 तासांत वरिष्ठांकडे पाठवायचं. चार ओळींचं काम. ते होत नाही, तेव्हा दोष कायद्याचा कसा?

राहिला मोकळा हात. 2023 च्या ऑक्टोबरात पुण्यात ससून रुग्णालयातून ड्रग्ज प्रकरणातला बडा आरोपी पळाला, तो कुठल्या कलमाच्या आडून नव्हे, पोलिसांच्या पहाऱ्यातून. जुलै 2024 पासून झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेने (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) सक्तीचं केलंय. सचोटीने छापा टाकणाऱ्या अधिकाऱ्याला याचा फायदाच आहे. पंच फिरला तरी चित्रण फिरत नाही.

सबळ कारणाशिवाय झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही एनडीपीएस कायद्याच्याच कलम 58 मध्ये शिक्षा आहे: जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा 1000 रुपये दंड, फार तर दोन्ही.