मेट्रोच्या फलाटावर वजन किती?

गुरुत्वाकर्षणावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘जमिनीखाली जाऊ तसं वजन कमी होत जातं’ हे वाक्य खटकलं. शाळेत आम्हीही हेच घोकलंय. पृथ्वी आतबाहेर सारख्याच घनतेची असती तर ते बरोबर ठरलं असतं. तशी ती नाही. सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट, आपल्या पायाखालचा काळा पाषाण मात्र जेमतेम तिप्पट. खाली उतरताना डोक्यावर राहिलेल्या कवचाची ओढ सगळ्या बाजूंनी मिळून शून्य होते (हे न्यूटनचं गणित), पण ते कवच हलकं. त्यामानाने जड गाभा जवळ आल्याचा फायदा जास्त. म्हणजे सुरुवातीला वजन चक्क वाढतं!

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने १८५४ मध्ये इंग्लंडातल्या हार्टनच्या कोळसा खाणीत हे मोजलं. ओढ वाढली की लंबक जलद झुलतो; सुमारे ३८० मीटर खालचं लंबकाचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सव्वादोन सेकंद पुढे जात होतं.

आरे-कफ परेड भुयारी मेट्रोचा फलाट २५ मीटर खोल धरला, तर ६० किलोच्या माणसाचं वजन साधारण एक दशांश ग्रॅमने वाढेल. परळच्या एखाद्या चाळीस मजली टॉवरच्या गच्चीवर तेच दोनेक ग्रॅमने घटेल. वडापाव खाल्ला की दोन्ही हिशेब बुडाले, ते सोडा.

जवळपास २,९०० किलोमीटरवर, गाभ्याच्या सीमेशी, गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो तो) जमिनीवरच्या ९.८ वरून १०.७ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत जातं. खरी उतरण त्यानंतर, थेट केंद्रापाशी शून्यापर्यंत. वजन केंद्रापर्यंत सरळ रेषेत घटताना दाखवणारी लेखातली आकृती तेवढी बदला.