‘फोनवर पेटी गायब, हेडफोनवर आवाज पोकळ’: आपल्या अभिप्रायास स्टुडिओचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या मिक्सिंग स्टुडिओला दोन तारे देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय वाचला. उत्तराला आठ दिवस लागले, कारण उत्तर लिहिण्याआधी आपल्या चारही अभंगांचे काम पुन्हा उघडून तपासायचे होते. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपल्या तक्रारी थोडक्यात येथे देतो. आपल्या आईंनी स्वतः पेटी वाजवत घरी गायलेले चार अभंग आपण आमच्याकडे मिक्सिंगसाठी, म्हणजे प्रत्येक माइकचे वेगळे ध्वनिमुद्रण (ट्रॅक) जुळवून एक गाणे करण्यासाठी, दिले होते. आईंच्या फोनवर ऐकताना पेटी जवळजवळ नाहीशी होते, हेडफोनवर पेटी आहे पण आवाज ‘नळीतून आल्यासारखा’ लागतो, गाडीत डग्गा धडधडतो, दोनदा दुरुस्ती मागूनही फरक पडला नाही, उलट बिघडले, आणि आषाढी एकादशीला प्रसिद्ध करायचे अभंग एकादशी उलटून तीन दिवसांनी हाती आले, असे आपले म्हणणे आहे. आपण स्वतः जेवढे जाहीर केले आहे, त्यापलीकडे आपल्याविषयी काहीही येथे येणार नाही.

उशिराबद्दल मला कोणतेही समर्थन द्यायचे नाही. आषाढीच्या तोंडावर भक्तिसंगीताचे काम दरवर्षी वाढते, हे ठाऊक असूनही मी झेपेल त्याहून अधिक काम घेतले आणि त्याचा फटका आपल्याला बसला. एकादशीसाठी गायलेले अभंग एकादशीनंतर मिळणे म्हणजे काय, हे मला समजते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. आपल्या पहिल्या दोन तक्रारी मला त्या वेळी एकमेकींच्या उलट वाटल्या होत्या. फोनवर पेटी नाही पण आवाज स्वच्छ, आणि हेडफोनवर पेटी आहे पण आवाज बिघडलेला. एकाच फाइलबद्दल दोन्ही खरे कसे असेल, असा विचार करून मी फोनच्या स्पीकरला दोष दिला आणि दोन्ही दुरुस्त्यांत पेटी केवळ थोडी मोठी करून पाठवली. ती माझी चूक होती. दोन्ही तक्रारी अक्षरशः खऱ्या होत्या आणि दोहोंचे मूळ एकच होते.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात आईंच्या तोंडापासून सुमारे दोन फुटांवर आवाजाचा माइक आहे आणि पेटीच्या पुढे, तोंडापासून अंदाजे साडेतीन फुटांवर, दुसरा माइक आहे. आईंचा आवाज या दोन्ही माइकमध्ये जातो. मात्र दुसऱ्या माइकपर्यंत त्याला दीड फूट जास्त जावे लागते. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे या दीड फुटाला त्याला १.३ मिलिसेकंद लागतात. कानाला हा उशीर वेगळा जाणवत नाही, पण दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की काही स्वर एकमेकांना बळ देतात आणि काही एकमेकांना मारतात. दीड फुटाच्या हिशेबाने पहिला खड्डा, म्हणजे स्वर दबण्याची जागा, ३७५ हर्ट्झच्या (सेकंदाला ३७५ कंपनांच्या) आसपास पडतो, पुढचा ११२५ ला, त्यापुढचा १८७५ ला. काळी चार या पट्टीत गाणाऱ्या आपल्या आईंच्या मध्य सप्तकाचा वरचा भाग नेमका पहिल्या खड्ड्यात येतो. आपण ज्याला ‘नळी’ म्हणालात ती हीच.

हे मला पहिल्याच दिवशी कळले होते आणि त्यावर उपाय करतानाच माझ्या हातून घोटाळा झाला. आवाजाची पोकळी कमी होते का हे पाहण्यासाठी मी पेटीच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून ऐकली, म्हणजे त्याची लाट वरची खाली केली. नंतर पेटीला ऐसपैस जागा मिळावी म्हणून त्या ट्रॅकची प्रत काढून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवली. या गडबडीत एका प्रतीचे पोलॅरिटीचे बटण सुलटे झाले आणि दुसरीचे उलटेच राहिले. हेडफोनवर त्यामुळे पेटी दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखी भासू लागली आणि, सांगायला संकोच वाटतो, मला ती फार आवडली. पण एकाच स्पीकरच्या फोनवर डावी आणि उजवी बाजू बेरजेने येतात, आणि एका लाटेत तिचीच उलटी लाट मिळवली की बाकी शून्य उरते. आईंच्या फोनवर जी अंधुक पेटी ऐकू येत होती, ती आवाजाच्या माइकमध्ये गळून आलेली होती. पेटीच्या माइकसोबत त्यात शिरलेला आईंचा उशिराचा आवाजही तेथे नाहीसा झाला आणि म्हणूनच फोनवर त्यांचा आवाज स्वच्छ लागला. मी पेटी मोठी केली तेव्हा फोनवर काहीच बदलले नाही, कारण शून्य कितीही मोठे केले तरी शून्यच. हेडफोनवर मात्र आवाजाची पोकळी वाढली. ‘दुरुस्तीनंतर उलट बिघडले’ हे आपले वाक्य त्यामुळे तंतोतंत बरोबर आहे.

कोणतेही मिक्स पाठवण्याआधी ते एकदा मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकणे हा या धंद्यातला अगदी प्राथमिक नियम आहे. त्यासाठी माझ्या टेबलावर वेगळे बटण आहे. घाईत ते दाबले गेले नाही.

आठवडाभरात केलेली दुरुस्ती अशी आहे. पेटीची उलटी प्रत काढून टाकली. पेटीचा ट्रॅक ६४ सॅम्पल, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या (ध्वनीच्या नोंदींच्या) दराने १.३ मिलिसेकंद, अलीकडे ओढला, त्यामुळे आईंचा आवाज दोन्ही माइकमध्ये एकाच वेळी येतो. याची किंमत अशी की आवाजाच्या माइकमध्ये गळलेली पेटी आता आणखी मागे पडते. पांघरूण डोक्यावर ओढले की पाय उघडे पडतात, तसा हा प्रकार आहे. म्हणून पेटीचा माइक चार डेसिबलने खाली आणला आणि तिची चमक वरच्या पट्टीत थोडी वाढवून भरून काढली. पोकळी बरीचशी गेली आहे. पूर्ण गेलेली नाही, आणि ती का जाणार नाही हे सांगणे आता भाग आहे.

यूट्यूबवर लोक घरीच गाऊन टाकतात आणि ते स्वच्छ ऐकू येते, मग आमचेच का नाही, असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माइकच्या किमतीत नसून अंतरात आहे. तोंडापासून माइकचे अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, पण भिंती, फरशी आणि खिडकीच्या काचांवरून परतणारा खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. दोन फुटांवरचा माइक सहा इंचांवर आणला असता तर घुमाऱ्याच्या तुलनेत आवाज बारा डेसिबलने पुढे आला असता. एवढा फरक मिक्सिंगमध्ये कोणत्याही बटणाने मिळत नाही. घुमारा काढणारी सॉफ्टवेअर माझ्याकडे आहेत आणि ती मी आपल्या दुसऱ्या अभंगावर वापरूनही पाहिली. आईंनी आलापाच्या शेवटी घेतलेल्या बारीक हरकती त्या सॉफ्टवेअरनी घुमारा समजून खाल्ल्या आणि ‘ळ’, ‘ठ’ पाण्याखालून आल्यासारखे झाले. तो प्रयोग मी तेथेच थांबवला. खोलीचा थोडा आवाज राहिला तरी चालेल, गाणे शाबूत राहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

मात्र हे सर्व पैसे घेण्याआधी आपल्याला सांगायला हवे होते. फाइल ऐकताच पाच मिनिटांत मला ते कळले होते. मी ‘बघू, करून देतो’ म्हणालो आणि आपण त्याचा अर्थ, कोणीही घेईल तसाच, ‘होईल’ असा घेतला.

डग्ग्याबद्दलची तक्रार मी पूर्ण मान्य करू शकत नाही. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११२ ला, ध्वनी अडकून घुमतो. खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांना तेच आकडे येतात आणि घुमणे एकमेकांवर चढते. डग्गा नेमका त्याच प्रदेशात बोलतो. ती जागा मी पाच डेसिबलने कापली आहे. याहून अधिक कापल्यास गाडीत बरे वाटेल, पण हेडफोनवर डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजेल. आपल्या गाडीत बास वाढवलेला असल्यास तो एकदा मधोमध आणून पाहावा, एवढीच विनंती.

आर्थिक बाब अशी. आपण प्रत्येक अभंगाचे ३,५०० याप्रमाणे १४,००० रुपये दिले होते. त्यांपैकी निम्मी रक्कम, म्हणजे ७,००० रुपये, आपल्या खात्यावर काल परत केली आहे. नवे मिक्स विनामूल्य आहेत. आपण अभंग पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे ठरवल्यास त्यांचे मिक्सिंगही मी पैसे न घेता करीन. या अभिप्रायात बदल करावा अशी कोणतीही अट त्यामागे नाही.

पुन्हा ध्वनिमुद्रण करायचे झाल्यास, आईंना पेटी वेगळी आणि गाणे वेगळे करायला सांगू नये. स्वतःच्या पेटीवर गाणाऱ्याचा श्वास आणि भात्याचा हात एकत्र चालतात. ते तोडले की गाणे मोजूनमापून गायल्यासारखे होते. त्याऐवजी दुसरा माइक काढूनच टाकावा. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आले, त्यानंतर बरीच वर्षे गायक आणि साथीदार एकाच माइकपुढे बसत, आणि कोण किती दूर बसतो यावरच तोल ठरे. आपल्यालाही तेच करता येईल. आवाजाचा माइक स्टँडवरून पेटीच्या वरून पुढे आणून तोंडापासून सहा ते नऊ इंचांवर, किंचित बाजूला ठेवावा; पेटी त्यात आपोआप येईल. ती जास्त येत असेल तर माइकला हात न लावता पेटी वीतभर पुढे सरकवावी. आईंच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगाव्यात, कारण आईंकडे तोंड करून असलेला माइक त्यांच्या मागची भिंतच ऐकत असतो. समोरच्या भिंतीवर त्या लावून फारसा उपयोग नाही. फरशीवर सतरंजी अंथरावी. अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. पंखा बंद ठेवावा आणि सर्वांत वरची तान घेतानाही ध्वनिमुद्रणाची पातळी दाखवणारा मीटर उणे बारा डेसिबलच्या वर जाणार नाही एवढीच ती पातळी ठेवावी. मागच्या खेपेस तिसऱ्या अभंगात दोन ठिकाणी तो शून्याला भिडून फाटला आहे, आणि फाटलेला स्वर सांधता येतो पण विणता येत नाही. चारही अभंग करण्याऐवजी आधी एका अभंगाचे ध्रुवपद गाऊन मला पाठवावे. ते ऐकून, जमेल की नाही, हे या वेळी मी त्याच दिवशी स्पष्ट सांगेन.

दुरुस्त केलेल्या चारही फाइली आपल्या ईमेलवर पाठवल्या आहेत. पाठवण्याआधी त्या मी मोनोमध्ये आणि एका स्पीकरच्या जुन्या फोनवर ऐकल्या आहेत. तरीही हेडफोन बाजूला ठेवून त्या प्रथम आईंच्या फोनवर वाजवाव्यात आणि पेटी ऐकू आली की नाही ते कळवावे.

आपला,
स्टुडिओचालक