लपायला गेलो आणि सापडलो

मोठेपणीही समूहगान कुणालाही जमतं, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मोठेपणी समूहगान शिकणारे गर्दीआड लपून बेसूर गातात, कान तयार होतो तो लहानपणीच, आणि अशांमुळे बाकीच्यांचाही सूर जातो, असं तुमचं म्हणणं. लपण्याचं मान्य. मी लपायलाच गेलो होतो. तीसेक जणांत आपलं कुणाला कळणार, असा हिशेब.

तो पहिल्याच तालमीत फसला. आम्हा खर्जातल्या पुरुषांना नुसता 'आ' धरायला सांगितला. दोन सूर अगदी जवळ असले पण एक नसले, की आवाज हेलकावे खातो. शेजारी सेकंदाला 150 कंपनांवर आणि मी 153 वर, तर सेकंदाला 3 हेलकावे. ते सगळ्यांना ऐकू येतात. शिकवणाऱ्या बाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "आवाज निम्मा करा, शेजारच्याचं ऐका." मी जरा जरा खाली सरकत गेलो. हेलकावे संथ झाले, मग थांबले. माझा आवाज मलाच वेगळा सापडेना. (घाबरून गायचाच थांबलो, ते सोडा.)

आजूबाजूला गलका वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच नोंदवलंय. माझं नेमकं तेच व्हायचं. स्वतःचं ऐकू येईना म्हणून रेटायचो, आणि रेटलं की सूर चढायचा. म्हणजे बाकीच्यांना त्रास होतो हे तुमचं खरं, पण त्यावरचा उपाय वयात नाही, आवाज कमी करण्यात आहे.

कानाचं म्हणाल, तर कसलाही आधार न घेता सूर ओळखणं बहुतेक लहानपणीच जमतं. समूहात त्याची गरजच पडत नाही. आधाराचा सूर शेजारी उभा असतो.

'कुणालाही जमतं' हे माझं वाक्य मात्र सैल होतं. दोन स्वरांतला वरचा कुठला हेच न कळणारे लोक असतात, थोडे पण असतात. ते वाक्य बदलतोय.

आणि हो, मी अजूनही चुकतो. परवा 'आकाश'मधला 'श' सगळ्यांच्या आधी सोडला. अख्ख्या खोलीत तो एकटाच ऐकू आला.